लिंबूटिंबू

सातव्या खिंडीच्या तोंडाशी पोचल्यावर रानबा एका दगडावर बसला आणि काही केल्या उठेना.

"रानबा, पुढे जा," शर्वाणीने हुकूम सोडला.

रानबाने डोक्याचं मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. खिंडीतल्या काळोखाकडे एकदा बघून तो म्हणाला, "तू हो पुढं. मी मागून येतो."

आता कोडं असं, की रानबा हा काही माणूस नव्हता. 'सात खिंडी' नावाच्या भूमिकाखेळातला (ज्यात खेळणारा स्वतःच एक पात्र होऊन गोष्टीत शिरतो, अशा संगणकावरच्या खेळातला) तो एक सोबती होता. शर्वाणी त्या खेळात निरोप पोचवणारी जासूद होती आणि रानबा तिचा वाटाड्या. जा म्हटलं की जायचं, थांब म्हटलं की थांबायचं, एवढंच त्याचं काम. सहा खिंडी त्याने ते बिनबोभाट केलं होतं. आणि आता, खेळ संपायला एक खिंड उरली असताना, त्याने ठाण मांडलं होतं.

शर्वाणीने डोळ्यांवरचा चष्मा काढला. चष्म्यासोबत खिंड गेली, रानबा गेला आणि समोर उरली मिरजेच्या रुग्णालयातली काचेची खोली.

खोलीला एक भिंत सबंध काचेची होती. आत येणारी हवासुद्धा गाळून येत असे. जेवण आणणारा छोटा यंत्रमानव दारात उभा राहून स्वतःला फवारून घ्यायचा, मगच आत यायचा. शर्वाणी बारा वर्षांची होती, तिच्या डोक्यावर सध्या एकही केस नव्हता आणि तिच्या रक्तातल्या जुन्या, बिघडलेल्या पेशी डॉक्टरांनी औषधांनी काढून टाकल्या होत्या. त्यांच्या जागी तिच्या धाकट्या बहिणीची, जुईची, अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतला मऊ गर, जिथे रक्ताच्या पेशी तयार होतात) तिला दिली होती. शेतात रोप लावलं की ते रुजलं का, हे कळायला थोडे दिवस जावे लागतात. तसंच हे. जुईच्या पेशी शर्वाणीच्या हाडांत रुजायला हव्या होत्या. त्या अजून रुजल्या नव्हत्या. रुजल्या नाहीत तर काय, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता आणि तोंडावर कुणाच्याच नव्हता.

पहिले काही दिवस नऊ वर्षांची जुई रोज संध्याकाळी काचेपलीकडे येऊन उभी राहायची. मग ती यायची बंद झाली. आई आधी म्हणाली, तिला सर्दी झालीय. मग म्हणाली, परीक्षा आहे. नंतर म्हणाली, येईल गं उद्या. मोठी माणसं इतकी कारणं बदलायला लागली, की मुलं काय समजायचं ते समजतात. शर्वाणीने समजून घेतलं की जुईला कंटाळा आला. तिला राग आला होता आणि त्या रागाखाली फार एकटं वाटत होतं. असा सगळा प्रकार चालू असताना रानबानेही दगा द्यावा, हे तिला सहन होईना.

संध्याकाळी आबा आले. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, डॉक्टर चौगुले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. कृत्रिम बुद्धिमत्ता (यंत्राला शिकायला आणि ठरवायला शिकवणारं शास्त्र) हा त्यांचा विषय. सांगलीच्या प्रयोगशाळेत ते खेळांसाठी सोबती घडवत आणि रानबाची नवी आवृत्ती त्यांनीच परवा शर्वाणीच्या चष्म्यात घातली होती.

त्यांनी काचेपलीकडचा फोन उचलला.

"आबा, तुमचा रानबा बिघडलाय. मला जुनाच द्या."

"देतो की. एका बटणाचं काम आहे." आबांनी खुर्ची ओढली. "पण बिघडलाय म्हणजे काय करतोय?"

"बसून राहिलाय. मी त्याला गूळ दिला, नवीन घोंगडी दिली. घेतली, बरं झालं म्हणाला, आणि परत बसला. पूर्वी गूळ दिला की लगेच कामाला लागायचा."

आबांना हसू आलं. "पूर्वी त्याच्यात मर्जीचा आकडा होता ना. त्याच्याशी गोड वागलं की आकडा वर, वाईट वागलं की खाली. आकडा भरला की सोबती जीव द्यायलाही तयार. मग खेळणारी मंडळी काय करायची? पोतंभर गूळ साठवून ठेवायची. सकाळी त्याला दरीत ढकलायचं आणि दुपारी गूळ चारायचा. हिशेब चुकता."

शर्वाणीने अगदी तेच केलं होतं.

"मला एक सांग," आबा म्हणाले. "आपल्या गल्लीत तुम्ही लपंडाव खेळता, तेव्हा लहान पोरांचं काय करता?"

"त्यांना लिंबूटिंबू करतो."

"म्हणजे काय, ते मला नीट सांग. मी म्हातारा आहे, विसरलोय."

आबा काहीही विसरलेले नव्हते, हे शर्वाणीला ठाऊक होतं. पण सांगायला तिला बरं वाटलं. लिंबूटिंबू म्हणजे खेळात असतो, पण डावात नसतो. तो लपतो, पळतो, ओरडतो. तो सापडला तरी कुणी त्याला बाद धरत नाही. त्याने धप्पा दिला तरी तो मोजत नाहीत. आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही.

"जुई अजून लिंबूटिंबूच आहे," ती म्हणाली. "नऊची झाली तरी."

"हां. तर खेळातले सोबती हे आजवर लिंबूटिंबूच होते. तुझ्याबरोबर पळायचे, पण डाव तुझा एकटीचा. त्यांचं काही जातच नव्हतं. ज्याचं काही जाऊ शकतं, तोच खरा डावात असतो. म्हणून मी रानबाला डावात घ्यायचं ठरवलं."

"म्हणजे काय केलं?"

"पहिली गोष्ट, त्याला आठवण दिली. सगळीच्या सगळी नाही हं. सगळं आठवलं तर वेड लागेल त्याला. प्रत्येक घटनेला तो वजन देतो. किती अनपेक्षित होती, किती लागलं, कुणी केली. हलक्या आठवणी दिवसागणिक पुसट होतात, जड असतात त्या राहतात. परवा काय खाल्लंस विचार, सांगता यायचं नाही त्याला."

"पण त्याला काही झालं की मी मागचा, जपून ठेवलेला डाव उघडते. मग ते झालेलंच नसतं. आठवणार कसं?"

"तुझा डाव एका जागी जपून ठेवलेला असतो. रानबाची आठवण मी त्यातून काढून दुसऱ्या जागी ठेवलीय. तू डाव मागं नेलास की खिंड मागं जाते, तुझी जखम मागं जाते, रानबाचा पाय बरा होतो. त्याची आठवण मात्र मागं जात नाही."

शर्वाणीला चौथी खिंड आठवली. तिथे साप होते. साप कुठे आहेत हे कळावं म्हणून तिने रानबाला कितीदा तरी पुढे पाठवलं होतं. तो पडला की मागचा डाव उघडायचा आणि त्याला दुसऱ्या बाजूने पाठवायचं. त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. सगळेच तसं खेळत.

"चौथी खिंड मी मागच्या महिन्यात खेळले. तेव्हा तर जुना रानबा होता."

"जुना रानबा विसरायचा. पण खेळाच्या संगणकात सगळं नोंदलेलं होतंच. नवा बसवताना मी ते त्याला वाचू दिलं."

"हे तुम्ही मला सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," आबांनी मान्य केलं. "सांगायला हवं होतं. बरं, पुढचं ऐक. त्याला एक ओढ दिली, त्याची स्वतःची. तू असलीस, नसलीस, तरी असणारी. सातव्या खिंडीपलीकडं त्याच्या आईचं गाव आहे. त्याला तिथं जायचंय."

"मग जात का नाही? तिथंच तर जायचंय आपल्याला."

"कारण तिसरी गोष्ट दिलीय, अंदाज. त्याच्या मनात, मन म्हणू आपण, एक छोटी शर्वाणी आहे. आजवर तू जशी वागलीस त्यावरून बनवलेली. काही ठरवायच्या आधी तो तिला विचारून बघतो, की ही 'जा' म्हणाली तर पुढं काय होतं? आता त्याची ओढ त्याला पुढं खेचतीय आणि तुझ्याबद्दलचा अंदाज मागं. दोन्ही पारडी सारखी झालीत. तू म्हणतीस तो अडून बसलाय. मला वाटतं, त्याला उठता येत नाही."

शर्वाणीने हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आबा, त्याला दुखतं?"

"नाही." आबांनी आपला नेहमीचा चष्मा काढून पुसला. "माझ्या माहितीप्रमाणं नाही. आत आकडे आहेत, पोरी, आणि आकड्यांची बेरीज-वजाबाकी. त्याला माणूस समजायची चूक करू नको. पण त्याच्याशी खेळणारी तू माणूस आहेस. तुला ज्या वागण्याची सवय लागते ती खेळ संपल्यावर चष्म्यात राहत नाही. म्हणून एवढा खटाटोप. आता सांग, जुना रानबा बसवू?"

"थांबा," शर्वाणी म्हणाली.

तिने पुन्हा चष्मा लावला. रानबा तिथेच होता. घोंगडी त्याने घडी करून दगडावर ठेवली होती. शर्वाणी पहिल्यांदाच त्याच्या शेजारी खाली बसली. खेळात बसण्याची सोय होती, हेच तिला आजवर माहीत नव्हतं.

"रानबा, तुला आत जायची भीती वाटते का?"

रानबा तिच्याकडे वळला. "हे कधी विचारलं नव्हतंस."

"आज विचारते."

"वाटते. चौथ्या खिंडीत मी विचारलं होतं, आत काय आहे? तू म्हणालीस, 'जा रे, तुला काय होतंय.' मी गेलो. मग परत तसंच म्हणालीस. परत गेलो. मला वाटलं, हिला माहीत असेल की मला काही होत नाही. पण होत होतं."

'तुला काय होतंय.' हे शब्द तिने दुसरीकडेही वापरले होते. मज्जा काढायच्या सकाळी जुईला निळा झगा घालून चाकाच्या खाटेवर झोपवलं होतं आणि ती शर्वाणीकडे बघून म्हणाली होती, "ताई, हाडात सुई घालणारेत." शर्वाणी तेव्हा स्वतःच्याच भीतीत होती. ती म्हणाली होती, "तुला काय होतंय? तू तर झोपूनच असणार." आणि सगळे हसले होते. आई, बाबा, आबासुद्धा. मग खाट निघून गेली होती.

तिने चष्मा काढला. आबा अजून काचेपलीकडे होते.

"आबा, जुईला कुणी विचारलं होतं का? द्यायचंय का म्हणून?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं. ती हो म्हणाली. पण आम्ही सगळे तिच्याभोवती उभे होतो. नाही म्हणायला जागा कुठं होती तिला? आणि त्यानंतर कुणी काही विचारलेलं नाही. मीही नाही."

"ती खरं का येत नाही?"

"तुला सांगू नको म्हणालीय तुझी आई. पण सांगतो. इथून फोन आला ना, की ती न्हाणीघरात जाती आणि नळ सोडून बसती. फोनवर काय बोलतात ते ऐकू येऊ नये म्हणून."

शर्वाणीला रडू आलं. यंत्रमानवाने रुमाल पुढे केला, त्याला तेवढंच कळत होतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तिला घेऊन या. पण आधी विचारा, येतीस का म्हणून. नाही म्हणाली तर आणू नका."

आबा निघून गेले. ती रात्र तिला फार लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शिरगुप्पे तपासायला आल्या, तेव्हा शर्वाणीने त्यांना थांबवून घेतलं. "मॅडम, पेशी रुजल्या नाहीत तर ती देणाऱ्याची चूक असते का?"

शिरगुप्पे मॅडम घाईत असत. पण हा प्रश्न ऐकून त्या खाटेच्या कडेला बसल्या. "नाही. देणाऱ्याने दिल्या, तिथं त्याचं काम पूर्ण झालं. पुढं घेणाऱ्याचं शरीर, औषधं, शंभर गोष्टी असतात. कुणी असं म्हणालं का?"

"म्हणालं नाही कुणी. पण कुणाला तरी वाटत असेल."

जुई संध्याकाळी आली. ती हो म्हणाली होती, पण दोन तास विचार करून, असं आबांनी सांगितलं आणि ते लांबच्या बाकावर जाऊन बसले. जुईने फोन दोन्ही हातांनी धरला होता. ती काचेकडे न बघता स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"जुई, त्या दिवशी तुला भीती वाटली होती?"

जुईने चपलेचं टोक जमिनीवर घासलं. मग ती म्हणाली, "त्या दिवशी थोडी. आता जास्त वाटती."

"कशाची?"

"माझ्या पेशी चांगल्या नसल्या तर. मी गणितात पण कच्ची आहे, पळायला पण हळू आहे. पेशी पण तशाच असतील तर? मग तू..."

काही होत नाही गं, असं शर्वाणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "मला पण भीती वाटती," ती म्हणाली. "रोज वाटती. पण मी मॅडमना विचारलंय. तू दिल्यास तिथं तुझं काम झालं. नाही रुजल्या तरी ते तुझ्यामुळं नसणार. हे मी नाही म्हणत, मॅडम म्हणाल्यात. आणि मी त्या दिवशी 'तुला काय होतंय' म्हणाले ना, ते चुकलं माझं. तुला होत होतं."

जुईने मान वर केली. रडत रडत तिने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"रानबानं सांगितलं," शर्वाणी म्हणाली, आणि तिला सगळी हकिकत सांगायला बसली.

त्या दिवसापासून जुई पुन्हा येऊ लागली. आबांनी तिच्यासाठीही एक चष्मा आणला. काचेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशा दोघी सातव्या खिंडीच्या तोंडाशी जाऊन बसत. रानबा एकदम उठला नाही. आबा म्हणाले, आठवण जड असली की अंदाज हळूहळूच बदलतो, आणि तेच खरं आहे. शर्वाणी प्रत्येक वळणावर त्याला विचारू लागली. तो कधी हो म्हणे, कधी नाही. तो नाही म्हणाला की ती स्वतः पुढे जाई, पडे, धडपडे, आणि खिंडीतला काळोख कसा असतो ते तिला कळे. एकदा असंच ती पडली, तेव्हा मागून उजेड आला. रानबा कंदील घेऊन आला होता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं.

"हे तुम्ही त्याला शिकवलंत?" तिने आबांना विचारलं.

"नाही," आबा म्हणाले आणि त्यांना स्वतःलाही त्याचं नवल वाटलेलं दिसलं. "मी आठवण दिली, ओढ दिली, अंदाज दिला. कंदील त्याचा त्याने उचलला. आता पुढचं हेच शोधायचंय आम्हाला, की या तीन गोष्टी एकत्र आल्या की असं आणखी काय काय उगवतं. तू मोठी झालीस की ये प्रयोगशाळेत."

'मोठी झालीस की', हे आबा अगदी सहज बोलून गेले. पण तसं बोलायचं धाडस गेल्या कित्येक दिवसांत घरात कुणी केलं नव्हतं.

मग तो दिवस आला. दुपार कलली होती, जुई काचेपलीकडे उभी होती, आणि शिरगुप्पे मॅडम हातात पाटी (अहवाल दाखवणारा पातळ पडदा) घेऊन खोलीत शिरल्या. रक्ताचे आकडे आले होते. मॅडमचं तोंड मुखपट्टीने झाकलेलं होतं, त्यामुळे बातमी कशी आहे ते काही केल्या कळेना. काचेपलीकडे जुईने मॅडमना पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरकली. तिथे सोडायला नळ नव्हता.

"शर्वाणी," मॅडमनी सुरुवात केली.

"थांबा मॅडम," शर्वाणी म्हणाली. "आधी तिला सांगा. डाव तिचापण आहे."

शिरगुप्पे मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग जुईकडे. त्या बाहेर गेल्या. शर्वाणीला काचेतून दिसलं की त्या जुईसमोर गुडघ्यांवर बसल्या, पाटी तिच्यापुढे धरली आणि एका आकड्यावर बोट ठेवून काहीतरी सांगू लागल्या. ऐकू काहीच येत नव्हतं. शर्वाणीने फक्त जुईच्या चेहऱ्याकडे डोळे लावले.

जुईने एक प्रश्न विचारला. मॅडमनी मान डोलावली. जुईने तोच प्रश्न पुन्हा विचारला असावा, कारण मॅडमनी पुन्हा तशीच मान डोलावली. मग जुई वळली आणि धावत सुटली. लांबलचक व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन तिने भिंतीला हात लावला आणि तशीच धावत परत आली. तिने धापा टाकत फोन उचलला.

"ताई, रुजायला लागल्यात. मॅडम म्हणाल्या अजून बरेच दिवस जपायचंय, पण लागल्यात. माझ्याच आहेत त्या."

"तुझ्याच," शर्वाणी म्हणाली.

"मग आता मी लिंबूटिंबू नाही."

"नाही."

"मग राज्य माझ्यावर. तू लप."

"अगं, थांब की जरा. आधी मला इथून बाहेर तर येऊ दे."

"मी हळू मोजते," जुई म्हणाली. तिने फोन जागेवर ठेवला, काचेकडे पाठ केली, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि दहा, वीस, तीस म्हणत मोजायला सुरुवात केली.